गेट घरापुढं, फोटो अकोल्यात

आमच्या अमरावतीत परकोटाच्या आत एक मानूस राहे, राजेहो. त्याच्या घराचा दरवाजा उघडला का पुढं शहराचं भल्लं मोठं दगडी गेट दिसे. दातन करता करता दिसे. आंगोयीचं पानी फेकलं तं शितोडे गेटाच्या पायथ्यापर्यंत जात. आन तो मानूस दर महिन्याले एस्टीत बसून अकोल्याले जाय. कायले? तं त्याच गेटाचा फोटो पाहाले.

आता तुमी म्हनसान, असा येडा कोन असन बापा. मीबी तेच म्हनलं होतं. पन दुसऱ्याले येडं म्हनाचा मले काही अधिकार नाही. मी पोटासाठी काय करतो ते पह्यले आयका. मी लग्नाच्या बँडात खुयखुया वाजवतो. दोन हातात दोन डबे, डब्यात छर्रे, आन ते हालवत वरातीपुढं चालाचं. एवढंच. बँडमास्तरनं पह्यले मले पिपानी देल्ली होती, तं नवरदेवाचा घोडा बिथरला. मंग ढोल देल्ला, तं ढोल एकीकडे आन वरात दुसरीकडे. शेवटी मास्तर म्हने, "तुह्या हातात काहीबी देल्लं तं ते हालतेच. मंग हालाचंच काम कर."

लहानपनापासून असंच. शायेत मी सुकडी वाटेपर्यंत बसो. सुकडी हातात पडली का खिडकीतून बाहेर. गुरुजी म्हनत, या पोट्ट्याच्या बुडाखाली कोनं इस्तो ठेवला काय. तवापासून मी कुठं बसलो तं पाय हालते, उभा राह्यलो तं मान हालते, झोपलो तं, आमची बायको म्हनते, बाज हालते.

अशा मानसाले देवानं घरमालक कसा देल्ला म्हनता? हाच गेटवाला, जो हालतच नसे.

पह्यल्यांदा खोली पाहाले गेलो तो दिवस गल्ली अजून इसरली नाही. दुपारची वेय. ओसरीत एक म्हातारा मानूस लाकडी खुर्चीवर बसेल होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोनी हात मांडीवर, डोये उघडे. मी म्हनलं, "रामराम काकाजी." काही नाही. म्हनलं, "खोली भाड्यानं द्याची हाय म्हने." काही नाही. नाकावर माशी बसली, नाकावरून भुवईवर गेली, तिकडून कानात डोकावून आली, पन मानसानं पापनी हालवली नाही. मी नाकापुढं हात धरला. माहाच हात इतला थरथर कापे का त्याले हवा लागते का नाही, समजेचना.

मी जो पयत सुटलो तो पार चौकात. "काकाजी गेले हो! काकाजी गेले!" नाव ठाव नाही, गाव ठाव नाही, पन रडू मात्र असं आलं जसा माहा बापच गेला. गल्ली जमा झाली. बाया पदर तोंडाले लावून आल्या. एक जन तं बांबू पाहाले गेला. सारे ओसरीत उभे, मी मधात गया काढून रडून राह्यलो. आन काकाजी ओठ उलसे उघडून म्हने, "आवाज कमी करा. चिमनी उडून जाईन."

खरंच, त्याइच्या पायाच्या आंगठ्यावर चिमनी बसेल होती.

लोक मंग मले जे हासले! पानठेलेवाला म्हने, "अबे, ते असेच बसतात हे आमाले का ठाव नाही? पन तू इतला मनापासून रडला का आमालेबी वाटलं, या बारीनं खरंच गेले." बांबू आनाले गेलेला मानूस बांबू घेऊन आला, त्याले वापस पाठवला. मी पायात चप्पल घालून गुपचूप निंगून राह्यलो होतो, तं मांगून आवाज आला, "कुठं चालला? खोली तुले देल्ली."

म्हनलं, "काकाजी, मले काहून?"

"ओयख ना पायख, आन माह्यासाठी रडला. अशा मानसाले खोली नाही द्याची तं कोनाले द्याची?"

मी आजवर जे काही कमावलं त्यात फुकटच्या रडन्यावर एवढंच कमावलं.

काकाजी उभी जिनगानी कापसाच्या जिनिंगमधी वजनकाट्यावर होते. गाड्या येत, काट्यावर चढत, आन हे काट्यापाशी उभे. म्हनत, "मानूस हालला का काटा खोटं बोलते." मले वाटे, त्या कामानंच ते असे झाले असतीन. न्हावी म्हने, काकाजीची दाढी म्हनजे भिताडाले चुना लावन्यावानी सोपी. माही दाढी करतानी तोच न्हावी पह्यले देवाचं नाव घेते. काकाजी जेवत तं फक्त जबडा हाले, बाकी मानूस जागच्या जागी. बोलतानी हात मांडीवरच. आमी वऱ्हाडातले लोक हात हालवल्याबिगर रस्ताबी सांगू शकत नाही. काकाजीले कोनी इचारलं, गांधी चौक कुठं हाय, तं ते नुसती नजर तिकडे नेत. इचारनाऱ्याले समजेच ना. तो मंग मले इचारे, आन मी असे हात फेको का तो बदनेऱ्याले पोचे.

त्याइचं एकच म्हननं असे. कोनी धावपय करून राह्यला, कोनाचं भांडन झालं, कोनी दुकान मोडून दुसरं टाकलं, काकाजी हयूच म्हनत, "हालते ते पुसल्या जाते."

पानठेलेवाला म्हने, "मंग आमी काय करावं काकाजी, दगड व्हाव काय?"

"दगड होता आलं तं बरंच."

आमची बायको मले म्हने, "तुमी उलसे काकाजीवानी झाले तं मले सुखाची झोप लागन."

मी म्हनलं, "आन काकाजी उलसे माह्यावानी झाले तं?"

"तं गल्लीचं नशीब फुटन."

दररोज सकायी काकाजी आंगोय करून गेटाखाली जात. कमानीच्या डाव्या अंगाले एक फरशी हाय, पायानं घासून गुयगुयीत झालेली. त्या फरशीवर उभं राहात. दूधवाले, आटोवाले, भाजीचे ठेले, शायेच्या पोट्ट्याइच्या सायकली, सारं त्याइच्या आजूबाजूनं जाय, जसं नदीचं पानी खडकाच्या बाजूनं जाते. कमानीत कबुतरं घुमत. सूर्य वर चढला का कमानीतून उजेडाचा एक पट्टा खाली ये, पह्यले धूयीवर, मंग फरशीवर, मंग काकाजीच्या पायावर. पट्टा गुडघ्यापर्यंत चढला का ते वापस येत. मी खिडकीतून च्या पेत पाहो. पाहता पाहता मले असं वाटे का गेट, काकाजी आन तो उजेड हे तीनच खरे हायेत, आन बाकी आमी सारे कोनाच्या तरी झोपेतले. एका दिवशी नवीन टॅफिक पोलिसानं त्याइले इचारलं, "बाबा, कोनाची वाट पाहून राहिले?"

काकाजी म्हने, "कोनाची नाही. उभा राहून राहिलो."

पोलीस बिचारा उलसा वेय त्याइच्यापाशी तसाच उभा राह्यला आन मंग चालला गेला.

अकोल्याची गोठ मले बायकोमुयं समजली. ती म्हने, "त्याइचं वय झालं. दर महिन्याले एकटे जातात. तुमी जा संगं. तसेबी लग्नाचे मुहूर्त नाहीत, घरात बसून भांडेच हालवता."

गेलो. एस्टी कशी असते तुमाले ठाव हाय. खिडक्या हालतात, दांडे हालतात, कंडक्टरचे दात हालतात. सारी गाडी म्हनजे माहाच खुयखुया, आन आमी आतले छर्रे. काकाजी मात्र शीटवर देवयातल्या नंदीवानी. मूर्तिजापूर आलं, गेलं, त्याइची टोपी जरा तिरपी झाली नाही.

अकोल्यात एका जुन्या बंगल्यात ते म्युझियम हाय. लहानसंच. तलवारी, फुटके रांजन, नाक नसलेल्या मूर्त्या. आत गार अंधार, वरती एक पंखा असा हयू फिरे जसा तोबी पेंगून राह्यला. पहारेकरी स्टुलावर बसेल. काकाजीले पाहून तो मले म्हने, "आले का गेटवाले? जा, आखरीच्या खोलीत."

आखरीच्या खोलीत भिताडावर फ्रेममधी तो फोटो होता. काया-पांढरा. आमचंच गेट. तेच दगड, तीच कमान, तेच दोन बुरूज. पन राजेहो, तेच गेट पाहून मले वयखू आलं नाही. रस्ता निरा खाली. ना आटो, ना ठेले, ना पोस्टर. धूय अशी पसरेल जशी कोनी सकायी चायनीनं चायून टाकली. एक बैलगाडी उभी, गाडी सफा दिसे, पन बैलाइले मुंडके नाही. एक कुत्रं, त्याले दोन शेपट्या.

मी म्हनलं, "काकाजी, लोक कुठं गेले? अमरावती काय उठून गेली होती?"

काकाजी हयूच म्हने, "जुन्या क्यामेऱ्याले वेय लागे. जे चालून गेले ते फोटोत आलेच नाही. जे उभे राह्यले तेच राह्यले. बैल रवंथ करत होते, मुंडके गेले."

"आन मी असतो तं?"

"तू? तुह्या जागी नुसती हवा असती."

मले मोठी मजा वाटली. लग्नाच्या व्हिडिओत मी पाह्यलं हाय, साऱ्या बँडाचे चेहरे दिसतात आन माह्या हाताच्या जागी धुकं.

मंग मले कमानीच्या डाव्या अंगाले एक ढब्बा दिसला. ढगावानी. जसं कोनी काचेपाशी तोंड नेऊन श्वास सोडला. वर उलसा जास्त, खाली कमी. मी म्हनलं, "फोटोले वल लागली काय?" काकाजीइनं चपला काढल्या. उगेमुगे उभे राह्यले. किती वेय, मले सांगता येनार नाही, कारन तवापर्यंत मी तीन बारी बाहेर जाऊन पानी पेऊन आलो होतो. मंग ते कमरेत वाकले, आन फोटोच्या खालच्या कोपऱ्याले, काचेवर, कपाय टेकवलं.

पहारेकरी दारातून म्हने, "काकाजी, काचेले हात नाही लावाचा."

काकाजी म्हने, "हात कुठं लावला?"

मले वाटलं, गेटालेच देव मानतात. म्हनलं आपनबी पाया पडावं, पुन्न्याचं काम हाय. मीबी वाकलो, तं बाजूच्या फ्रेमचा कोना टाकुऱ्यात घुसला. टेंगूय आलं. पहारेकरी म्हने, "याइले पुढच्या बारीनं नोका आनू."

वापसीच्या गाडीत काकाजी खिडकीपाशी. बाहेर कपाशी, मधात तुरीच्या ओयी, आन दिवस खाली चाललेला. सारा उजेड पिवया, जसं कोनी गाडीवर हयदीचं पानी फेकलं. मी टेंगूय चोयून राह्यलो होतो. काकाजी समोर पाहातच म्हने, "तो ढब्बा माही माय हाय."

मले वाटलं मी पेंगून राह्यलो.

मंग त्याइनं सांगतलं. त्याइची माय खेड्यावरून शिताफयाचं टोपलं घेऊन गेटाखाली बसे. कमरेवर हे, तान्हं लेकरू. एका दिवशी तीन पायाच्या खोक्यावाला कोनी मानूस आला, काया कपड्यात मुंडकं घातलं आन साऱ्याइले हात करून म्हने, थांबा. कोनी थांबलं, कोनी नाही. हे माय मात्र उठून उभी राह्यली आन थांबली. घरी जाऊन तिनं मोठ्या पोरीले हासत हासत सांगतलं, "मी दगडावानी उभी राह्यली वो माय, पन हे कार्टं कमरेवर मासोयीवानी वयवय करे. कधी माह्या तोंडाले हात, कधी केसाले. माहीबी मान हालली." पुढच्याच वर्षी माय तापानं गेली. काकाजीले तिचा चेहरा आठवत नाही. फोटो काढाची तवा कोनाची ऐपत. बहीन सांगे तेवढीच माय.

मंग कितीक वर्षानं जिनिंगच्या कामानं हे अकोल्याले गेले. गाडीले वेय होता म्हनून त्या बंगल्यात घुसले. आन भिताडावर ते गेट. बहीन तवा जित्ती होती. तिले घेऊन गेले. बहीन फोटोपुढं उभी राह्यली, आन लहान पोरीवानी म्हने, "माय."

मी म्हनलं, "काकाजी, पन ढगातून बहिनीनं कसं वयखलं?"

त्याइनं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी इचारलं का पानी वलं कसं. मंग डोये मिटून घेतले. उलशा वेयानं, डोये मिटेलच, म्हने, "ती नोयती हालली. मी हाललो. म्हनून माय पुसल्या गेली."

मूर्तिजापूरपासून बदनेऱ्यापर्यंत मी हाललो नाही, राजेहो. मले वाटलं, पाहा, दुःखानं मानूस कसा बदलते. उतरतानी समजलं, दोनी पायाले मुंग्या आल्या होत्या.

त्यानंतर मी दर महिन्याले जाऊ लागलो. पहारेकऱ्याची माही ओयख झाली, त्याच्यासाठी मी तंबाखू-सुपारीचा खर्रा नेत जाओ, बाहेर झाडाखाली दोघं मियून घोटत जाओ. काकाजी आत. आतून ते बाहेर आले का त्याइचा चेहरा असा दिसे जसा जेवून उठलेला मानूस.

मंग त्या हिवाळ्यात गेलो तं म्युझियमले रंग देऊन राह्यले होते. बांबूचं पायाड, चुन्याचा वास, नव्या लाइटी. पुन्याहून एक नवीन मॅडम आल्या होत्या. आखरीच्या खोलीत गेलो आन मी पाहातच राह्यलो. लहान फ्रेमच्या जागी दरवाज्याएवढा फोटो! तेच गेट, पन मोठं, चकचकीत. मी म्हनलं, "वा काकाजी, आता तं इथूनच गेटातून आत जाता येते!"

काकाजीइनं चपला काढल्या. उभे राह्यले. आन मले काहीतरी इचित्र दिसलं. त्याइची बोटं हालून राह्यली होती. मंग हात. मंग हनवटी. मी या मानसाच्या नाकावर माशी फिरतानी पाह्यली हाय. तो मानूस निरा पिंपयाच्या पानावानी हालून राह्यला होता.

मी फोटोकडे पाह्यलं. कमानीच्या डाव्या अंगाले काहीच नाही. साफ दगड. जसं कोनी दिवाईले भिताड सारवलं.

पहारेकरी खुशीत म्हने, "कंप्युटरवर केलं भाऊ. सारे डाग काढले."

काकाजी म्हने, "पुसली." एवढंच.

मी जो धावलो तो सिध्धा मॅडमच्या खोलीत. चप्पल पायात, खर्रा तोंडात, परवानगीबिरवानगी काही नाही. "मॅडम, तुमी काय करून राहिले! काहून पुसली? माही आजी हाय ते!"

मॅडम घाबरून उभ्या राह्यल्या. आमचं साधं बोलनंबी पुन्याच्या मानसाले भांडन वाटते, आन मी तं खरंच भांडून राह्यलो होतो. म्हने, "अहो, हळू बोला. कोण आजी?"

"डाव्या अंगाची. ढब्बा. माही आजी, म्हनजे काकाजीची माय."

"म्हणजे हे तुमचे वडील?"

"नाही, घरमालक."

"मग आजी कशी?"

माही खोटं बोलाची ताकत तिथंच संपली. तवापर्यंत काकाजी हयूहयू येऊन दारात उभे राह्यले. मॅडमनं त्याइले खुर्ची देल्ली. मॅडम मनाच्या चांगल्या होत्या, मी खोटं कायले बोलू. त्याइनं समजावून सांगतलं का जुना फोटो उजेडानं विरून राह्यला हाय. आजच त्याले कपड्यात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवाचा हाय, नाहीतं पुढं गेटबी दिसनार नाही. म्हनून भिताडावर नवी कॉपी. "आणि बाबा, तो डाग होता. ओलीचा असेल, केमिकलचा असेल. माणूस आहे असं मी कशावरून म्हणू? तुम्हीच सांगा."

काकाजी नुसते पाहात. मले राग आला. म्हनलं, सांगा ना काकाजी, हे तुमचे दगड व्हाचे दिवस नाहीत! पन ते जुन्या फोटोकडे पाहून राह्यले होते. तो जुना फोटो तिथंच, भिताडाले टेकून, फरशीवर एका पाटावर ठेवेल होता. बाजूले गुंडायाचा पांढरा कपडा. हे एवढं गुंडाळलं का संपलं. कपाटात माय नाही दिसनार आन भिताडावर तं नाहीच.

मी दोनी हात हालवून बोलून राह्यलो होतो का डाग असा नसते, डाग गोल असते, डाग माह्या शर्टावर पाहा. तेवढ्यात हात हालवता हालवता खिशातली खर्र्याची पन्नी निंगाली आन फटकन फरशीवर फुटली. म्युझियममधी! तंबाखू, सुपारी, चुना, सारा खर्रा मॅडमच्या साफ फरशीवर. मॅडमचा चेहरा पाहून मी तसाच चार पायावर झालो आन हातानं खर्रा गोया करू लागलो. टेबलाखालून, खुर्चीखालून, सरकत सरकत पार फोटोपाशी. एक सुपारीचा तुकडा पाटापाशी गेलता. तो उचलाले मान खाली घातली, आन माहं तोंड फोटोच्या खालच्या कोपऱ्यापुढं आलं.

मी तिथंच थांबलो.

"मॅडम," मी म्हनलं, "डागाले पाय हायेत."

"काय?"

"पाय हायेत डागाले! दोन. बोटासकट."

मॅडम भिंग घेऊन आल्या. भरजरी नाही, पन चांगली इस्तरीची साडी होती, तशाच माह्या बाजूले फरशीवर बसल्या, मंग कोपरावर झाल्या. पहारेकरी दारातून म्हने, "काय झालं?" आन तोबी वाकला. आमी तिघं गुडघ्यावर, आन काकाजी खुर्चीवर.

ढगाच्या खाली, धूयीत, दोन पाय. वरचा सारा मानूस धुकं, पन पाय असे सफा का टाचेच्या भेगा दिसत. घट्ट रोवेल. एका पायात जाड तोडा. दुसरा पाय मोकया. बाजूले टोपल्याचा काठ.

मॅडमनं भिंग तोड्यावर धरलं. मंग हयूच म्हने, "एकाच पायात आहे."

काकाजी म्हने, "दुसरा इहिरीत पडला होता. बहीन सांगे."

मी उठून बसलो. म्हनलं, "काकाजी, तुमाले ठाव होतं?"

"काय?"

"पाय!"

काकाजी आमच्याकडे आळीपाळीनं पाहात राह्यले. त्याइले खरंच नवल वाटलं होतं. म्हने, "तुमाले दिसत नोयते काय? मले वाटलं, दिसतातच साऱ्याइले. मंग इतके दिवस मी पाया कोनाच्या पडून राह्यलो होतो?"

 आमी उभे राहून गेट पाहात होतो. गेट वर असते.

मॅडम पदर झटकत उठल्या. डोयात काही गेलं म्हने, चुना उडते ना रंगाचा. मंग म्हने, "बाबा, मी परत करून घेते. जसा आहे तसा. ढगासकट, पायासकट. खाली पाटीवर आईंचं नाव लिहू का?"

काकाजीइनं इचार केला. म्हने, "नाव नोको. लोक नाव वाचतात आन चालले जातात. नाव ठेवा तुमच्यापाशी. फोटो उलसा खाली लावा."

"किती खाली?"

काकाजीइनं खुर्चीवर बसल्या बसल्या हात लांब केला, फरशीपासून वीतभर वर. जिनगानीत मी त्याइचा हात इतला लांब गेलेला पाह्यला नोयता. "लेकरू रांगत आलं तं त्यालेबी दिसले पायजेत."

मॅडमनं शब्द पायला. पुढच्या महिन्यात गेलो तं फोटो तसाच, निरा खाली. ढग जाग्यावर. पाय आता वीतभर मोठे. काकाजी चपला काढून उभे राह्यले, मंग खाली बसले, फरशीवर, मांडी घालून, मायच्या पायापुढं. आन राजेहो, बसल्या बसल्या ते हालू लागले. मांगं-पुढं, मांगं-पुढं, जसं लेकरू मांडीवर झोके घेते. मी बाहेर झाडाखाली जाऊन बसलो. त्या दिवशी पानीबी पेलो नाही.

काकाजी आता नाहीत. ते गेले तेबी माहीच फजिती करून. सकायी गेटावरून आले, खुर्चीवर बसले, दोनी हात मांडीवर, डोये उघडे. मी च्या नेऊन बाजूले ठेवला. बाजूले बसून काल रातच्या वरातीची गोठ सांगाले लागलो. नवरदेवाचा फेटा घोड्यानं कसा खाल्ला, मास्तर कसा चिडला. मी हासो, हात हालवो, सांगो. च्या थंडा झाला. सायीवर माशी बसली. बायको बाहेर आली, तिनं त्याइच्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे, आन म्हने, "तुमी कोनाले सांगून राहिले?"

जित्ता होता तवा मी मेला समजून गल्ली गोया केली, आन खरंच गेला तवा बसून जोक सांगत राह्यलो. त्या बारीनं चौकात मी जाऊन सांगतलं, तं पानठेलेवाला म्हने, "जा बे, एकदा फसलो." कोनी येईचना. शेवटी मी काही न बोलता तिथं उगामुगा उभा राह्यलो. मले तसा उभा पाहून मंग त्याइले समजलं.

आताबी महिन्यातून एकदा मी एस्टीत बसतो. पहारेकरी म्हनते, "आले का गेटवाले?" नवीन लोक येतात, इतल्या खाली लागेल फोटो पाहून हासतात, म्हनतात, खिया ठोकनाऱ्याची चुकी झाली वाटते. पन पाहाचा तं वाकाच लागते. शायेचे पोट्टे वाकतात, कॉलेजच्या पोरी वाकतात, एकदा एक मोठा साहेब वाकला, त्याची टाय फरशीले लागली. कोनाले काही ठाव नाही. गेट पाहाले येतात, आन त्या माउलीच्या पायापर्यंत मुंडकं नेऊन वापस जातात.

मी कोनाले काही सांगत नाही. सारे गेले का चपला काढतो आन उभा राहून पाहातो. जमते तेवढं निरा उगा. लय वेय नाही जमत. मंग वाकून कपाय टेकवतो, आन मनात म्हनतो, काकाजी, तुमचं सारं खरं, हालते ते पुसल्या जाते. पन पाया पडाले उलसं हालाच लागते ना.